लँडलाइन फायबरवर न्यायची आहे: ‘कॉल फुकट’ म्हणजे महिन्याला नक्की किती?

घंटी (धागाकर्ता)

साताऱ्यातलं घर, दोन ज्येष्ठ माणसं. हॉलमध्ये एक फोन, बेडरूममध्ये त्याचंच पॅरलल. तांब्याची लाइन आता दुरुस्त होणार नाही, फायबर घ्या, असं एक्स्चेंजकडून सांगितलंय. समोर ३९९ चा प्लॅन आहे, ‘देशभर अमर्याद कॉल मोफत’. घरात नेट कोणी वापरत नाही. प्रश्न तीन:

१. सगळं धरून महिन्याचा खरा खर्च किती?
२. वीज गेल्यावर फोन चालतो का?
३. जुना नंबर राहतो का?

जाहिरातीतली माहिती नको, ती वाचून झाली आहे.

---

सर्किटराव

आधी बिल. ३९९ वर १८% जीएसटी, म्हणजे ४७०.८२. पाच वर्षांचे २८,२४९ रुपये. ही झाली छापील किंमत. प्लॅनमध्ये न लिहिलेलं पुढे:

फायबर ओढून ओएनटी (फायबर जिथे संपतं तो घरातला डबा, फोन त्यालाच लागतो) बसवण्याचे कुठे शून्य, कुठे हजार-दीड हजार, हजार धरू. टोनवर (बटण दाबल्यावर सूर पाठवून) चालणारा साधा फोन ९०० रुपये. मिनी यूपीएस (वीज गेल्यावर ओएनटी चालवणारी छोटी बॅटरी) १,५००, आणि पाच वर्षांत एकदा तरी बदलावा लागतो, म्हणून ३,०००. ओएनटी वायफायसकट ८ ते १० वॅट खातो आणि चोवीस तास चालू असतो. १० वॅट धरले तर महिन्याला ७.२ युनिट. युनिट दहा रुपये पकडा, ७२ रुपये महिना, पाच वर्षांत ४,३२०. जुन्या लाइनची वीज एक्स्चेंज भरत होतं, त्यामुळे हा आकडा कोणाच्या डोक्यात येत नाही.

बेरीज ३७,४६९. भागिले ६०, म्हणजे महिन्याला साधारण ६२५.

ज्या घरात नेट आधीपासून आहे, तिथे हिशोब उलटतो. बिल आणि ओएनटीची वीज नेटच्या खात्यावर जाते. फोनचा वाढीव खर्च उरतो ९०० अधिक ३,०००, म्हणजे महिन्याला ६५ रुपये. त्यामुळे ‘फायबर फोन स्वस्त की महाग’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. नेट वापरणार नसाल तर तो महाग आहे.

---

घंटी

धन्यवाद. विजेचा मुद्दा खरंच डोक्यात नव्हता. मग कॉल फुकट देणं कंपनीला परवडतं कसं?

---

सर्किटराव

कारण कॉल उतरवून घ्यायचे (एका कंपनीचा कॉल दुसरीने आपल्या ग्राहकापर्यंत पोचवायचे) पैसे आता एकमेकांना द्यावे लागत नाहीत. देशांतर्गत मोबाइलवर कॉल उतरवण्याचं शुल्क १ जानेवारी २०२१ पासून शून्य झालं. कंपनीला खर्च येतो तो तुमच्या घरापर्यंत फायबर आणण्याचा आणि सांभाळण्याचा, मिनिटांचा नाही. म्हणून मिनिटं वाटून टाकतात आणि भाडं घेतात. ‘फुकट’ फक्त देशांतर्गत कॉलला लागू. आयएसडीचा दर वेगळा असतो आणि तो बघूनच घ्यावा.

---

दोनपिनी

दुसऱ्या प्रश्नावर सविस्तर लिहितो, कारण लोक इथेच फसतात.

तांब्याच्या जोडीवर एक्स्चेंजच्या बॅटरीतून ४८ व्होल्ट डीसी येत होते. घरात अंधार असला तरी फोन जिवंत. काचेच्या तंतूतून वीज येत नाही. ओएनटी बंद की फोन बंद. म्हणून मिनी यूपीएस हवाच.

आता यूपीएसवर ‘८८०० एमएएच’ छापलेलं असतं, ते वाचून हुरळू नका. आत २२०० एमएएचचे, ‘१८६५०’ मापाचे चार सेल असतात, प्रत्येकी ३.७ व्होल्टचे. ८.८ × ३.७ = ३२.५ वॉट-तास. ते १२ व्होल्टला चढवताना १५% तरी उष्णतेत जातात. हातात उरतात २७-२८ वॉट-तास. ओएनटी १० वॅट खात असेल तर पावणेतीन तास. दोन वर्षांनी सेल ७० टक्क्यांवर येतात, तेव्हा दोन तासही पुरे होत नाहीत. चार-चार तास वीज जाणाऱ्या गावात यूपीएस मोठा घ्या, नाहीतर ओएनटी थेट इन्व्हर्टरच्या लाइनवर टाका.

जोडणी: अ‍ॅडॅप्टर → यूपीएसचा ‘इन’, यूपीएसचा ‘आउट’ → ओएनटी. नेहमीची चूक अशी की ओएनटीसोबत आलेला १२ व्होल्ट १ अँपिअरचा अ‍ॅडॅप्टर यूपीएसला लावतात. तो देतो १२ वॅट. दहा ओएनटी खातो, चार्जिंगला दोन उरतात. रात्रभर लावूनही बॅटरी अर्धवट, आणि वीज गेली की वीस मिनिटांत सगळं गप्प. मग यूपीएसला शिव्या. अ‍ॅडॅप्टर २ किंवा ३ अँपिअरचा घ्या, व्होल्टेज मात्र तेच.

विकत घेण्याआधी ओएनटीच्या पोटावरचं लेबल वाचा. १२ व्होल्ट, मध्यभागी प्लस, हे बहुतेक ठिकाणी जुळतं. पिन मात्र ५.५ × २.१ मिमीची आहे की ५.५ × २.५ ची ते बघा. २.५ ची पिन २.१ च्या खाचेत ढिली बसली की टेबलाला धक्का लागला तरी ओएनटी रीस्टार्ट होतो, आणि कंपनीच्या यंत्रणेत परत नोंदणी होईपर्यंत तीन-चार मिनिटं फोन मुका.

इन्व्हर्टरवर टाकणार असाल तर मागचा स्विच ‘यूपीएस’ मोडवर ठेवा. ‘इको’ मोडमध्ये बदलायला जास्त वेळ लागतो आणि ओएनटी दर वेळी बसतो.

---

सर्किटराव

दोनपिनींशी सहमत, फक्त एक भर. तुमच्या घरात वीज असून भागत नाही, मधल्या वाटेवरही लागते.

शुद्ध जीपॉन (सलग फायबरची जोडणी) असेल तर एक्स्चेंज ते घर यांच्या मध्ये फक्त स्प्लिटर (एका फायबरचे अनेक फाटे करणारा तुकडा), त्याला वीज लागत नाही. पण काही स्थानिक केबलवाले मध्येच कोणाच्यातरी जिन्याखाली स्विच किंवा मीडिया कन्व्हर्टर असा विजेवरचा डबा ठेवतात आणि त्याच इमारतीच्या मीटरवरून वीज घेतात. त्या इमारतीची वीज गेली की तुमचा इन्व्हर्टर गरगरतोय आणि फोन मेलेला. कनेक्शन घेताना सरळ विचारा: ‘लाइन थेट ओएलटीवर (एक्स्चेंजमधल्या यंत्रावर) आहे की मध्ये डबा आहे? डब्याला बॅकअप किती?’ उत्तर द्यायला कां-कूं केली तर समजा डबा आहे.

---

फुलपात्र

व्हॉट्सअ‍ॅपच्या जमान्यात हा खटाटोप कशाला?

---

घंटी

ऐंशीच्या पुढच्या माणसांना मोठी बटणं आणि जागेवर असलेला रिसीव्हर लागतो. एवढंच.

---

काळीचिमणी

तिसरा प्रश्न, नंबर. मोबाइलसारखी पोर्टेबिलिटी आपल्याकडे लँडलाइनला नाही. कंपनी बदलली की नंबर गेला. त्याच कंपनीत तांब्यावरून फायबरवर जात असाल तर नंबर सहसा तोच ठेवता येतो, पण अर्ज ‘तांब्यावरून फायबरवर रूपांतर’ असाच करा. ‘नवीन कनेक्शन’चा अर्ज भरला तर नवीन नंबर मिळतो, आणि जुनी लाइन बंद केल्यावर जुना नंबर परत मिळवणं अवघड.

नंबर बदलण्याची किंमत हिशोबात धरा. गॅसची नोंदणी, बँक, पेन्शन, डॉक्टरांकडची फाइल, सोसायटीची वही, नातेवाईक. पैसे लागत नाहीत, पण कुठल्या बँकेत तो नंबर दिलाय हे दोन वर्षांनी कळतं.

आणखी एक: लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य लावायचा, हा नियम १५ जानेवारी २०२१ पासून आहे आणि फायबरच्या फोनलाही तोच. फोनच्या मेमरीत भरलेले मोबाइल नंबर शून्यासकट आहेत का ते तपासा. ‘नवीन फोन खराब आहे’ या तक्रारीत कित्येकदा एवढंच निघतं.

---

रोझेट

पॅरललबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. यात पोर्ट जळतो.

ओएनटीच्या मागे ‘टेल’ किंवा ‘पॉट्स’ लिहिलेलं आरजे-११ चं भोक असतं. एक फोन थेट लावायचा तर प्रश्न नाही. पण ओएनटी हॉलमध्ये आणि दुसरा फोन बेडरूममध्ये असेल तर घरातलं जुनंच वायरिंग वापरता येतं, नवीन वायर ओढायची गरज नाही. क्रम मात्र असाच:

आधी बाहेरून येणारी जोडी रोझेटमधून (भिंतीवरच्या फोनच्या डबीतून) सोडवा. रोझेट उघडा, दोन स्क्रूखाली दोन-दोन वायरी दिसतील: एक जोडी बाहेरच्या खांबावरून आलेली, दुसरी घरात गेलेली. बाहेरची जोडी मोकळी करा, टोकं वेगवेगळी टेप करून बाजूला वळवून ठेवा. कापू नका. मीटर असेल तर तो डीसी व्होल्टवर ठेवून त्या टोकांना लावून बघा. ४८ च्या आसपास दाखवलं तर लाइन अजून जिवंत आहे. मग मोकळ्या झालेल्या स्क्रूंना ओएनटीकडून आलेली आरजे-११ ची मधली दोन टोकं जोडा. आता बेडरूमचा फोन वाजेल.

हे न करता ओएनटीची वायर सरळ भिंतीतल्या सॉकेटला खुपसली तर एक्स्चेंजचे ४८ व्होल्ट आणि ओएनटीचे व्होल्ट समोरासमोर येतात. त्यात बाहेरून रिंग आली की तिचे ७५ व्होल्ट एसी थेट पोर्टवर. पोर्ट गेला तर ओएनटीच बदलावा लागतो, आणि ते वॉरंटीत धरत नाहीत.

जुना डीएसएलचा (तांब्यावरच्या नेटचा) स्प्लिटर रोझेटजवळ लटकत असेल तर तोही काढा, आता त्याचं काम नाही.

फोनविषयी: ओएनटीची रिंग एक्स्चेंजइतकी दमदार नसते. दोन इलेक्ट्रॉनिक फोन आरामात वाजतात. लोखंडी घंटेचा जुना फोन मात्र कण्हत वाजतो किंवा वाजतच नाही. तबकडीचा फोन तर बहुतेक ओएनटींना कळतच नाही, कारण तबकडीचे टकटक संकेत (पल्स) ते ओळखत नाहीत. बटणांच्या फोनच्या तळाला पी/टी (पल्स/टोन) असा स्विच असतो, तो ‘टी’वर हवा. कॉलर आयडीसाठी एफएसके आणि डीटीएमएफ (नंबर पाठवण्याच्या दोन पद्धती) दोन्ही समजणारा फोन घ्या, नाहीतर स्क्रीन कोरी राहते.

---

फुलपात्र

वाचनखूण साठवली. कापू नका, असं का म्हटलंत पण?

---

रोझेट

नंबर फायबरवर सरकायला दिवस लागतात. मध्येच फायबर अडकलं तर परत स्क्रूखाली जोडून फोन चालू करता येतो.

---

ओलीभिंत

कोकणातून थोडी भर. तांब्यावर पावसाळ्यात खरखर आणि विजेचा कडाका झाला की फोन उडायचा, ते फायबरवर नाही. पण खांबावरून घरापर्यंत आलेल्या ड्रॉप केबलला बऱ्याचदा पोलादी तार जोडलेली असते. ती तार घरात घेऊ नका. बाहेरच्या क्लॅम्पला अडकवून तिथेच संपवा, आत फक्त फायबर. वीज पडून येणारा झटका आता अ‍ॅडॅप्टरमार्गे येतो, तेव्हा स्पाइक गार्ड त्या बाजूला हवा.

भिंतीजवळ फायबर काटकोनात मुडपू नका. वेटोळं साधारण ६ सेंटीमीटर व्यासाच्या खाली जायला नको. फर्निचरमागे दाबलेली पॅचकॉर्ड (भिंतीपासून ओएनटीपर्यंतची फायबरची दोरी) हे ओएनटीवरच्या लाल दिव्याचं, म्हणजे लाइन बंद पडण्याचं, मोठं कारण. दुसरं कारण उंदीर, तिसरं जेसीबी.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळासारखा प्रसंग आला, आठवडेच्या आठवडे वीज नाही, तर कुठलाच मिनी यूपीएस उपयोगाचा नाही. तेव्हा टॉवरही गेलेले असतात. त्यासाठी फायबरला दोष देण्यात अर्थ नाही.

---

डेटावाला

नेटवर कोणी सिनेमा बघत असेल तर फोन तुटतो का, हे विचारलं जातंच, म्हणून आधीच लिहितो. जी.७११ कोडेकला (आवाजाचे आकडे करण्याच्या नेहमीच्या पद्धतीला) आवाजाचे ६४ केबीपीएस, वर पॅकेटची वेष्टनं धरून एका दिशेला ८७ च्या आसपास. दोन्ही दिशा मिळून मिनिटाला १.३ एमबी, तासाला ८० एमबीच्या आत. ३० एमबीपीएसच्या लाइनवर हे काहीच नाही. शिवाय ऑपरेटरचा फोन ओएनटीतून वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच तारेतल्या स्वतंत्र वाटेवर) जातो आणि त्याला प्राधान्य असतं. त्यामुळे डाउनलोड चालू असतानाही आवाज स्वच्छ.

हे फक्त ऑपरेटरच्या स्वतःच्या फोनला लागू. परदेशी नंबरचा वेगळा डबा राऊटरला लावला तर तो साध्या इंटरनेटवरून जातो. तिथे पॅकेट एक टक्क्याच्या वर हरवले किंवा एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या पुढे गेला की एकमेकांच्या बोलण्यावर बोलणं सुरू. एकाच बाजूचा आवाज येत असेल तर राऊटरमधलं एसआयपी एएलजी (इंटरनेट कॉलमध्ये ढवळाढवळ करणारी सेटिंग) बंद करा. ओएनटीच्या पुढे दुसरा राऊटर असेल तर दुहेरी नॅट (दोन राऊटरनी एकामागे एक पत्ता बदलणं) होतंय का ते बघा.

---

पसाभर

अमेरिकेतून. इथे ऊमासारखी डब्याची सेवा (राऊटरला डबा लावून नेटवरून फोन) बऱ्याच मराठी घरांत आहे, तिचं गणित वेगळं. डबा एकदा विकत घ्यायचा, साधारण १०० डॉलर. मग ‘मूळ सेवा मोफत’. पण कर आणि शुल्क दरमहा लागतातच. राज्य आणि शहराप्रमाणे पाच ते आठ डॉलर पडतात. त्यात ९११ चं (इथल्या आपत्कालीन नंबरचं) शुल्क असतं आणि फेडरल युनिव्हर्सल सर्व्हिस फंडाचा (सगळीकडे फोनसेवा पोचवण्याच्या निधीचा) वाटा असतो. इंटरनेट फोनवाल्यांना तो २००६ पासून भरावा लागतो. अलीकडच्या वर्षांत त्याचा दर आंतरराज्य महसुलाच्या ३० टक्क्यांवर गेलाय. बाहेरून नंबर आणायचा असेल तर त्याचे वेगळे ४० डॉलर. पाच वर्षांचा हिशोब केला तर ‘मोफत’ फोन ५०० डॉलरच्या आसपास जातो. तरीही केबल कंपनीच्या फोनपेक्षा स्वस्त, हे मान्य.

तो डबा आईवडिलांसाठी पुण्याला नेणाऱ्यांसाठी: त्यात ९११ साठी नोंदवलेला पत्ता इथलाच असतो. कोणी घाबरून ९११ लावलं तर पोलीस न्यू जर्सीतल्या दारावर. तिकडे ११२ लावायचं ते वेगळ्या फोनवरून.

---

डेटावाला

आणि कायद्याचंही. भारतातल्या नेटवरून परदेशातल्या नंबरला बोलायला २००२ पासून परवानगी आहे. पण बाहेरून नेटवर आलेला कॉल सिम लावलेल्या यंत्रातून इथल्या लोकांच्या फोनवर उतरवणं हा परवान्याशिवाय गुन्हा आहे. परदेशातून आलेला कॉल स्क्रीनवर अनोळखी स्थानिक मोबाइल नंबर दाखवत असेल तर तो बहुधा अशाच वाटेने आलाय. असे ‘स्वस्त मिनिटं’ विकणारे अ‍ॅप टाळा.

---

काळीचिमणी

घंटी, तुमच्या घरी नेट लागणारच नसेल तर सिम घालायचा टेबल फोन बघितलात का? दिसायला लँडलाइन, मोठी बटणं, आत बॅटरी. फोर-जी व्होल्टीवाला (फोर-जीवरूनच कॉल लागणारा) घ्या, ३,००० च्या आसपास. टू-जीवाला स्वस्त मिळतो पण जिओचं सिम त्यात चालत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने (दूरसंचार नियामकाने) फक्त कॉल आणि एसएमएसचे रिचार्ज ठेवणं कंपन्यांना बंधनकारक केलं, त्यामुळे डेटाचे पैसे भरायची गरज उरली नाही. वर्षाचं साधारण १,८५० धरा.

पाच वर्षं: ९,२५० अधिक ३,००० = १२,२५०. महिन्याला २०४ रुपये. सर्किटरावांच्या ६२५ शी ताडून बघा.

वजा बाजू: जुना नंबर जातो, पॅरलल नाही, आणि घरात सिग्नल हवा. फोन ठेवायच्या नेमक्या जागी आधी त्या कंपनीचा मोबाइल दोन दिवस ठेवून बघा. जाड दगडी भिंतीत खिडकीपाशी चार कांड्या आणि कोनाड्यात एक असा प्रकार होतो.

---

सर्किटराव

आकडे बरोबर. दोन्हीत पाच वर्षांचा फरक साधारण २५,००० चा. नंबरची किंमत तेवढी वाटत असेल तर फायबर, नाहीतर हेच. फायबरच घेणार असाल तर काउंटरवर ‘नेट नको, फक्त व्हॉइसचा प्लॅन आहे का’ असं तोंडाने विचारा. आपणहून कोणी सांगत नाही.

---

घंटी

नंबर ठेवायचाय, तेहतीस वर्षं तोच आहे. म्हणजे फायबर. शेजारच्यांना वायफाय देऊन अर्धे पैसे घेता येतील का?

---

सर्किटराव

नका. कनेक्शन तुमच्या नावावर आहे, त्यावरून कोणी काही केलं तर विचारणा तुमच्याकडे येते.

---

दोनपिनी

मग घरातल्यांसाठी हे कागदावर लिहून ओएनटीशेजारी चिकटवा. फोन बंद पडला तर दिवे बघायचे:

एकही दिवा नाही: वीज, अ‍ॅडॅप्टर किंवा ढिली पिन.
‘लॉस’ लाल: फायबर तुटलंय किंवा मुडपलंय. हिरव्या कनेक्टरची पॅचकॉर्ड हलवून बघू नका, टोक डोळ्यासमोर धरू नका, तक्रार नोंदवा.
‘पॉन’ स्थिर, ‘टेल’ बंद: ओएनटी बंद करून एक मिनिटाने चालू, चार मिनिटं थांबा. तरीही नाही तर नोंदणी त्यांच्या बाजूने अडकलीय. तक्रारीत ‘नेट चालू, व्हॉइस बंद’ असं म्हणा. नुसतं ‘फोन बंद’ म्हटलं की फायबरवाला माणूस येतो, पॉवर मोजतो, ‘ओके’ म्हणून जातो.
‘टेल’ चालू पण डायल टोन नाही: भिंतीतली वायर काढा, फोन थेट ओएनटीला लावा. वाजला तर दोष वायरिंगमध्ये.

माणूस आलाच तर मीटरवरचा आकडा विचारून कागदावर तारखेसह लिहून ठेवा. उणे १५ ते उणे २४ डीबीएम (फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची ताकद) ठीक, उणे २७ च्या पलीकडे गेला तर आज चाललं तरी पावसाळ्यात लटकणार.

---

रोझेट

आणि जुनी लाइन बंद करायचा अर्ज फायबरवर जुन्या नंबरला मोबाइलवरून आणि दुसऱ्या लँडलाइनवरून, दोन्हीकडून रिंग आल्यावरच द्या. काही दिवस जाणारा कॉल नव्या वाटेने आणि येणारा जुन्या वाटेने, असंही चालतं. डिपॉझिटची पावती सापडत नसेल तर जुन्या बिलावर रक्कम असते, ती परत मागा किंवा नव्या बिलात वळती करून घ्या.